कपबशांचा हिशेब

रुग्णशय्येवर पडलेल्या माणसावर प्रीती करणे फारसे कठीण नाही, हे माझे मत ऐकून आमच्या मंडळीतील काही जण नाराज होतात. परंतु ज्या व्यवसायात माझे आयुष्य गेले त्याच्याशी प्रामाणिक राहायचे तर मला ते मागे घेता येत नाही. जो वेदनेने विव्हळत आहे, ज्याला घोटभर पाणी हवे आहे, कूस पालटून हवी आहे, त्याच्याविषयी मनात कळवळा उत्पन्न व्हावा अशीच तेथील परिस्थितीची सारी रचना असते. तो आडवा असतो, आपण उभ्या असतो, त्याला हवे ते आपल्यापाशी असते, आणि आठ-दहा दिवसांत बरा होऊन, केसपेपर दप्तरी जमा करून, आपले आभार मानून तो निघून जातो. या प्रीतीला मुदत असते आणि तिची पोच हातोहात मिळते. अडचण सुरू होते ती वॉर्डाला लागून असलेल्या त्या चिंचोळ्या खोलीत, जिथे परिचारिका चहा पितात, डबे उघडतात आणि एकमेकींच्या रजांवर बारीक नजर ठेवतात. कारण तेथे सगळ्याच उभ्या असतात, बरी होऊन घरी कोणीच जात नाही, आणि आज जिच्याशी खटका उडाला तिच्याच हातून उद्या सकाळी चार्ज घ्यायचा असतो.

माझे परिचर्येचे शिक्षण मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या इस्पितळात झाले, आणि लग्न होऊन मी बडोद्यास आले ती निवृत्तीपर्यंत एकाच इस्पितळात राहिले. त्या इस्पितळाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. बडोद्यात मराठी माणसाला परके वाटत नाही. दांडिया बाजारात, राजमहाल रोडवर जुन्या गायकवाडी अमदानीचे मराठी अजून कानावर पडते. मराठी ख्रिस्ती माणसाची स्थिती मात्र थोडी चमत्कारिक असते. मराठी शेजाऱ्यांना आपण ख्रिस्ती म्हणून निराळे वाटतो आणि गुजराती ख्रिस्ती बांधवांना मराठी म्हणून. देवळात उपासना गुजरातीत ऐकावी आणि घरी येऊन ‘उपासना संगीता’तली टिळकांची गीते म्हणावीत, असा आमचा क्रम. माझ्या हाताखाली खेडा जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मुली होत्या, केरळहून आलेल्या होत्या, बडोद्याच्या मराठी आणि गुजराती हिंदू मुली होत्या, आणि या सर्वांच्या पाळ्या लावण्याचे काम, सिस्टर-इनचार्ज झाल्यावर, माझ्याकडे आले.

ज्याने कधी ड्यूटीचा तक्ता लिहिला नाही त्याला त्या कागदात किती सत्ता भरलेली असते याची कल्पना येणार नाही. विशेषतः बडोद्यात, आणि विशेषतः नवरात्रात. या शहराचा गरबा म्हणजे केवळ नाच नव्हे, ते येथील तरुण मुलींचे नऊ रात्रींचे राज्य असते. हिंदू असो की ख्रिस्ती, जिला दुपारची किंवा रात्रीची पाळी लागली तिचा चेहरा महिनाभर आधीपासून उतरलेला दिसे. त्यानंतर दिवाळी, मग नाताळ. आमच्यातील काही ज्येष्ठ ख्रिस्ती परिचारिकांची अशी दृढ समजूत होती की नाताळची सुटी हा आपला जन्मसिद्ध हक्क असून हिंदू मुलींनी ती पाळी आनंदाने सांभाळावी, मात्र दिवाळीला त्यांच्या जागी उभे राहणे हा आपण त्यांच्यावर केलेला उपकार समजावा. असे स्पष्ट कोणी म्हणत नसे; रजेच्या अर्जांच्या भाषेवरून ते कळे. एका अर्जात ‘कृपया’ असे, दुसऱ्यात नसे.

त्यातच एक बाई अशी होती की तिचे नि माझे कधीच जमले नाही. तिची जीभ तिखट होती, आणि माझ्याविरुद्ध तिने मेट्रनकडे लेखी तक्रार केली होती, तिची नक्कल मला जबाबासाठी रीतसर मिळालीही होती. आता तिच्या रात्री माझ्या पेन्सिलीच्या टोकावर होत्या. कोणालाही संशय येणार नाही अशा रीतीने तिला तीन महिने सतावता आले असते. एखादी रात्र सणाच्या आदल्या दिवशी, एखादी सुटी भलत्याच मंगळवारी. प्रीती ही न्यायाच्या पुढची पायरी आहे असे मी प्रवचनांतून कित्येकदा ऐकले होते. तक्त्यापुढे बसल्यावर न्यायाच्या पायरीवरच धाप लागते असे माझ्या लक्षात आले. मी एवढेच केले की मागील वर्षीच्या तक्त्यांच्या नकला नव्या तक्त्याशेजारी भिंतीला टाचून ठेवल्या, म्हणजे कोणत्या सणाला कोण कामावर होती हे जिला पाहायचे तिने पाहावे, आणि माझा राग-लोभ त्यात शिरला तर तो सर्वांना दिसावा. त्या बाईची जीभ याने काही गोड झाली नाही. ती निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतेच बोलली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने प्रीतीची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत समोरच्याचे मन पालटेल असे आश्वासन मला कोठे आढळलेले नाही, आणि हे बरेच झाले असे मी मानते. एरवी आम्ही सगळ्या फलप्राप्तीवर डोळा ठेवूनच प्रीती करीत बसलो असतो.

त्या खोलीच्या खिडकीत, जंतुनाशकाच्या बाटलीशेजारी, कान मोडलेला एक कप असे. वॉर्डाची सफाई करणाऱ्या मावशींचा तो कप. आम्हा सर्वांच्या कपबशा कपाटात एकत्र, त्यांचा तेवढा खिडकीत. चहा झाला की कोणीतरी त्यात वरून ओतायचा, त्यांनी बाहेर दाराशी बसून प्यायचा आणि नळावर धुऊन पुन्हा खिडकीत ठेवायचा. असा हुकूम कोणी काढलेला नव्हता, नियमावलीत त्याचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, आणि ज्या खोलीच्या भिंतीवर शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचे चित्र लावलेले होते तिथेच ही वहिवाट वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू होती. मी इनचार्ज झाल्यावर बाजारातून एकसारख्या दोन डझन कपबशा आणल्या आणि यापुढे सर्वांचे कप कपाटातच राहतील असे सांगितले.

हरकत आली ती प्रथम एका ख्रिस्ती परिचारिकेकडून, आणि तीही अत्यंत शास्त्रशुद्ध. जातीपातीचा तिच्या मनाला स्पर्श नाही, परंतु मावशी संडास साफ करतात, तेव्हा जंतूंच्या दृष्टीने विचार करायला हवा, असे तिचे म्हणणे. बेडपॅन आपणही दिवसातून अनेकदा उचलतो आणि साबणाने हात धुऊन त्याच हातांनी डबा खातो, हे मी तिला दाखवून दिल्यावर ती गप्प झाली. पटले म्हणून गप्प झाली असे मात्र मी म्हणणार नाही. खरा धक्का मला मावशींनी दिला. त्या माझ्याशी मराठीत बोलत आणि बोलता बोलता गुजरातीत उतरत. म्हणाल्या, “सिस्टर, मारो कप सारो छे. एक कप धुते नि सुटते. तुमच्यात पिऊ लागले तर सगळ्यांचे कप मलाच धुवावे लागणार ने?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण तसेच होणार होते. ज्या खोलीत सर्वांत खालच्या पगाराची एकच व्यक्ती असते तेथे समाईक भांडे म्हणजे तिच्या वाट्याला आलेले आणखी एक काम असते. माझ्या औदार्याची बाकी मावशींच्या नावे टाकली जाणार होती आणि त्याबद्दल त्यांनी माझे आभारही मानायचे होते. तेव्हा कपबशा धुण्याची पाळी ड्यूटीच्या तक्त्यात लिहिली गेली. सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक, गुरुवारी मी स्वतः, शनिवारी मावशी. पहिले काही आठवडे मुली हसल्या, एकदोघींनी आपली पाळी पाच रुपये देऊन मावशींच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न केला, मग ते अंगवळणी पडले. मोडक्या कानाचा कप मात्र मावशींनी फेकू दिला नाही, घरी नेला.

पुढे कित्येक वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन माझ्या वाचनात आले. ते त्यांच्या हयातीनंतर, १९९० साली पुस्तिकारूपाने छापले गेले. बडोद्यात १९१७ साली त्यांच्यावर जो प्रसंग आला तो आता सर्वांना ठाऊक आहे, आणि सयाजीबागेतल्या त्या जागेला लोक संकल्पभूमी म्हणून वंदन करतात. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेला हा तरुण करारानुसार नोकरीसाठी येथे आला, अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाला, परंतु राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरला. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याची ताकीद देऊन गेले. इतके मी पूर्वी ऐकले होते. जे ऐकले नव्हते ते पुढे आहे. त्या दुपारी आंबेडकर दोन मित्रांकडे आसरा मागायला गेले. हिंदू मित्राने आपले नोकर निघून जातील असे सांगितले. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. त्याने पूर्वी एकदा आपण होऊन त्यांना घरी राहायला बोलावले होते. आता ते खरोखरच दाराशी आले तेव्हा तो म्हणाला की पत्नी उद्या बडोद्यास येणार आहे, तिला विचारावे लागेल. पतिपत्नी मूळचे ब्राह्मण घराण्यातले, पतीचे विचार ख्रिस्ती झाल्यावर उदार झाले पण पत्नीचे आचार जुनेच राहिले, असे आंबेडकरांना मागाहून कळले. रात्री नवाच्या मुंबईच्या गाडीला पाच तास अवकाश होता. ते त्यांनी कामाठी बागेत, म्हणजेच सयाजीबागेत, काढले.

त्या मित्राचे नाव आंबेडकरांनी दिलेले नाही, आणि ते न दिल्यामुळेच तो मला अधिक अस्वस्थ करतो. तो आमच्यापैकी कोणीही असू शकतो. हे शहर त्या वेळी ख्रिस्ती नावाला अपरिचित नव्हते. बिशप हीबर १८२५ साली येथे आला होता आणि त्याने छावणीतल्या चर्चचे समर्पण केले होते, त्याला नव्वदांवर वर्षे होऊन गेली होती. राज्यकर्ताही सयाजीरावांसारखा, ज्याने अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या आणि १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. म्हणजे सरकारी हुकूम अनुकूल, धर्माची शिकवण अनुकूल, मैत्रीही होती. राहता राहिला तो घराचा उंबरठा, आणि तेथे हुकूम चालत नव्हता. त्या गृहस्थाने ‘नाही’ म्हटले नाही, हे विशेष. त्याने शिष्टाचार पाळला. एक स्त्री म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते: तिला विचारावे लागेल असे तो म्हणाला खरा, पण त्या दुपारी तिला कोणी विचारलेले नव्हते. ती अजून बडोद्यात पोहोचलीही नव्हती आणि नकार तिच्या नावे खर्ची पडून गेला होता. कदाचित तिने खरेच दार लावून घेतले असते. आंबेडकरांना तशीच माहिती मिळाली आणि ती खोटी ठरवण्याचा मला काय अधिकार? परंतु त्याच पिढीतल्या, सोवळ्याओवळ्याच्या कर्मठ घरात वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळक माझ्या डोळ्यांपुढे येतात. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या हादरून गेल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पतीकडे परतल्यावरही सोवळे सुटायला वेळ लागला; आणि शेवटी त्यांच्या मनातली जात गेली ती पतीच्या पांडित्यामुळे गेली नाही, स्वतःच्या विचाराने गेली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसते. बाईला विचारले म्हणजे काय उत्तर येईल हे पुरुषांनी आधीच ठरवून ठेवू नये.

आणि या बाबतीत केवळ बडोद्याच्या गृहस्थालाच दोष देऊन भागत नाही. पेत्रासारखा प्रेषितही अंत्युखियात परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीला बसत होता तो यरुशलेमेहून आपली माणसे आली तेव्हा भिऊन पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावले, असे गलतीकरांच्या पत्रात आहे. लोक या प्रसंगावर सिद्धांताची चर्चा करतात. मला त्यात जेवणघरातली भीती दिसते. आपले लोक काय म्हणतील, ही.

ही भीती माझ्या घरीही होती, फक्त तिला फार गोड आवाज होता. माझ्या सासूबाई अत्यंत धार्मिक. पहाटे उठून शास्त्र वाचणे, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणे, मंडळीत कोणी आजारी असले की पेज करून पाठवणे, हे त्यांचे नित्याचे व्रत होते, आणि मी त्यांच्याइतकी उदार बाई क्वचितच पाहिली असेल. आमच्या घराण्याचे मूळ कोकणातल्या एका ब्राह्मण कुळात आहे, हेही त्या पाहुण्यांना सांगत, नम्रपणे, विषय निघाला तर. आणि विषय निघत असे. नाताळच्या जेवणाला मावशींना बोलवावे असे मी म्हटले तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, “बोलाव की. मागच्या ओट्यावर पान मांडू तिचं, म्हणजे तिला जरा मोकळं वाटेल.” मी म्हटले, “आई, मोकळं कोणाला वाटेल?” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि आमच्या यजमानांनी वर्तमानपत्र किंचित वर उचलले.

पान आत मांडले. मावशी नातवाला घेऊन आल्या, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या आणि खाली मान घालून चिमणीएवढे जेवू लागल्या. सासूबाई प्रथम दुरूनच लक्ष ठेवून होत्या. पण मराठी गृहिणीच्या हाताला एक जन्माची खोड असते. पाहुण्याचे पान रिकामे दिसले की त्याला स्वस्थ बसवत नाही. मावशींच्या पानातली करंजी संपली, आणि त्या पुढे झाल्या, दुसरी वाढली, मावशी नको म्हणाल्या, त्यांनी तिसरी वाढली, “असं कसं, सणाचा दिवस आहे,” असे म्हणत त्यांच्या मनगटाला धरून आग्रह केला. कोणत्याही धर्मोपदेशाने जे झाले नसते ते आग्रहाच्या सवयीने क्षणात केले. एका संस्काराने दुसऱ्या संस्काराला मात दिली. रात्री ती ताटे कशी नि कोणत्या पाण्याने घासली गेली ते मी पाहायला गेले नाही. सगळ्याच गोष्टींची तपासणी करू नये, असे माझे मत आहे.

याहून अवघड प्रसंग पुढच्या वर्षी आला. मावशींच्या धाकट्या मुलीचे लग्न होते आणि आमंत्रण द्यायला त्या स्वतः आल्या. आम्ही दोघे गेलो. वस्तीत मांडव होता, पंगत बसत होती, आणि आमच्यासाठी एका बाजूला पंख्याखाली दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. बसलो तोच एक मुलगा धावत जाऊन दुकानातून थंड पेयाच्या सीलबंद दोन बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे घेऊन आला. सर्वांनी आमची उत्तम व्यवस्था ठेवली होती. आम्ही त्यांच्या हातचे खाणार नाही हे त्यांनी गृहीत धरले होते आणि तो संकोच आम्हाला होऊ नये म्हणून खर्च करून वाट काढली होती. घरी बोलावून वाढणे मला जमले होते, कारण तेथे यजमानीण मी होते. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्र प्रभूला आपले पाय धुऊ देईना, याचे मला पूर्वी नवल वाटे; त्या खुर्चीवर ते वाटेनासे झाले. मी उठून मावशींकडे गेले आणि म्हटले, “आम्हाला पान वाढा.” त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले, मग वाढपी मुलाला काहीतरी ओरडून सांगितले, आणि आम्ही पंगतीच्या टोकाला बसलो. पुरी, बटाट्याची भाजी, मोहनथाळ. मोहनथाळ फार गोड होता आणि मावशींनी तो मला तीनदा वाढला, त्यामुळे सासूबाईंच्या करंज्यांचा हिशेब चुकता झाला असे आमचे यजमान वाटेत म्हणाले.

मी निवृत्त झाले त्याला आता बराच काळ लोटला. मध्यंतरी एका आजारी नातलगाला भेटायला त्याच इस्पितळात गेले होते, तेव्हा जुन्या ओळखीने त्या खोलीत डोकावले. कपाट नाही, कपबशा नाहीत. कोपऱ्यात चहाचे यंत्र बसवले आहे आणि त्याच्याशेजारी कागदी पेल्यांची चळत. कोणाचा कप कोणता हा प्रश्नच उरलेला नाही, धुण्याच्या पाळ्याही अर्थातच बंद झाल्या. नव्या इनचार्जने मला मोठ्या अभिमानाने सांगितले की आता सगळे एकाच प्रकारच्या पेल्यातून चहा पितात. ते खरेच होते. पेले टाकायची बादली भरून वाहत होती, आणि ती रिकामी करायला जी मुलगी आली ती मावशींची सून निघाली. मावशी कायम नोकरीत होत्या, ही कंत्राटावर आहे. तिने मला ओळखले आणि चहा घेणार का म्हणून विचारले. मी हो म्हटले, आणि तिनेही आमच्याबरोबर बसून घ्यावा असे सुचवले, तर ती म्हणाली की ठेकेदाराचा माणूस साडेअकराला मोजणी करायला येतो, आता वेळ नाही.